घरातील श्रवण व मोटारीतील श्रवण

दान देताना देश, काल व पात्र पाहावे, असे शास्त्र सांगते. संगीतश्रवणासही हाच न्याय लावावा, असे आम्हांस वाटते. उत्तम ध्वनिमुद्रण सर्वत्र उत्तमच लागेल, हा समज खरा नव्हे.

पंडित विश्वमोहन भट्ट व अमेरिकन वादक राय कूडर यांची १९९३ साली प्रसिद्ध झालेली ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका पाहा. कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथील एका प्रार्थनामंदिरात तिचे मुद्रण झाले. सुरांमागोमाग त्या वास्तूचा मंद नादही कानी येतो. रात्री जेवणे आटोपून घर शांत झाले म्हणजे थोरामोठ्यांसह ती ऐकावी. संतूर, बासरी व गिटार यांचा मेळ साधणारी १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हीही याच पंक्तीतील होय.

मोटारीत मात्र चाकांच्या घरघरीत असे हळुवार सूर बुडून जातात. ते ऐकू यावेत म्हणून आवाज चढवावा, तो द्रुत लय सुरू होते आणि मागील वाहनाचा कर्णा चालकास ऐकू येत नाही. मुलेबाळे सोबत असता ही रसिकता फार महाग पडावयाची! प्रवासात पंडित भीमसेन जोशी यांची ‘अभंगवाणी’ बरी. तो भरदार कंठ बेताच्या आवाजातही घरघरीवर मात करतो, आणि चालकाचे लक्ष रस्त्यावरच राहते.