मका गेला चोवीसनं, आला अडीचशेनं!

आठवडी बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडावर जरा उभे राहून पाहावे. आईच्या एका हातात माळव्याची पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. पोर टपरीवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळेकडं बोट दाखवून हटून बसतं. एसटी लागलेली असते. ‘पाचच रुपये तर आहेत, घे बाबा एकदाचं!’ म्हणून आई पुडी हातात देते.

पाच रुपये खरंच थोडे. पण एकदा पुडी उलटी करून पाहा. मागे बारीक अक्षरात वजन छापलेलं असतं. ते २० ग्रॅम असेल, तर किलोचा भाव झाला २५० रुपये! आणि आत काय? कुरकुरीत पुड्यांत बहुधा मक्याचा रवा नाहीतर तांदळाचं पीठ, वर तेल, मीठ, मसाला. २०२५-२६ च्या खरिपासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे किलोला २४. तेवढाही हातात पडेलच, याची खात्री नाही. आपण चोवीसनं घातलेला मका हवा भरलेल्या पुडीतून अडीचशेनं घरी परत येतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, तशातली गत.

आता घरचा माल पाहू. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा प्रथिनं असतात, फुटाण्यात पाचवा. मूठभर दाणे-फुटाणे आणि गुळाचा खडा खाल्ला की पोर रात्रीच्या जेवणापर्यंत तग धरतं. पुडीनं तोंड खवळतं, पोट भरत नाही. आणि भाकरी पुढं आली की ‘मला नको’. बाजारच्या दिवशी गरम वडापाव खाल्ला तर बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या पुडीनं.

मात्र सगळा दोष आईच्या माथी मारून चालायचं नाही. भल्या पहाटे उठून भाकरी-कालवण करायचं, डबे भरायचे आणि खुरपणीला नाहीतर कापूस वेचायला पळायचं. संध्याकाळी शाळा सुटते तेव्हा घराला कुलूप असतं आणि पोराच्या खिशात पाच रुपये. पुडी खपते ती चवीमुळं जेवढी, तेवढीच या कुलपामुळं.

यावर उपाय साधा आहे. दोन पोरांच्या रोज एकेक पुडीचे महिन्याला ३०० रुपये होतात. तेवढ्यात दाणे-फुटाणे किती येतात, ते वाण्याला विचारा. आठवड्याचे दाणे एकदाच भाजून डब्यात भरावेत, जोडीला ज्वारीच्या लाह्या ठेवाव्यात आणि डबा पोराचा हात पोचेल असा ठेवावा. हे काम घरधन्यानंही करावं. दाणे भाजायला काही वेगळे हात लागत नाहीत.

शाळेकडंही लक्ष हवं. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० साली केला आहे. पालकसभेला जाल तेव्हा शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत पावलं मोजा आणि सभेत तेवढा आकडा सांगा.

बाजारात मेथीच्या जुडीमागं आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. पुडीचा भाव मात्र कुणी विचारत नाही. येत्या बाजारी तो विचारून पाहा.