हिरडा कुणाचा?
पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर या आदिवासी घरांच्या हाती रोख पैसा येतो तो बाळहिरड्यामुळे. कोवळं फळ तोडायचं, उन्हात वाळवायचं, व्यापाऱ्याला घालायचं. २००६ चा वनहक्क कायदा अशा गौण वनोपजावर गोळा करणाऱ्यांची मालकी मानतो. भीमाशंकर अभयारण्यातही तो लागू आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळानं हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा मात्र भरपाईसाठी आंदोलनं करावी लागली.

आदिवासींच्या हक्काचा हाच प्रश्न जागतिक पातळीवरही आला. संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्क जाहीरनाम्याला १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ मतं पडली, विरोधात ४: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. भारताचं मत बाजूनं, पण भूमिका अशी की स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय मूलनिवासी. (मग हिरड्यासाठी झाडावर चढणारे कोण?)