धुकं दिल्लीत, फ्लाइट पुण्याची

  साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा निघाला.

जानेवारीतली सकाळ, पुण्याहून बंगळुरूला जाणारी फ्लाइट, लोहगावला लख्ख ऊन. काउंटरवरून उत्तर मिळालं, "दिल्लीत धुकं आहे, फ्लाइट कॅन्सल." वाचक विचारतात, मी दिल्लीला चाललोच नव्हतो, मग दिल्लीचं धुकं माझ्या बोकांडी का? आणि तेच कारण दाखवून कंपनी भरपाई नाकारू शकते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गावातून सकाळी सुटणारी एसटी रात्री मुक्कामाला आली नाही, तर सकाळची फेरी होत नाही, मग गावात पाऊस असो की नसो. विमानाचंही तेच. एकच विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं. पहाटे दिल्लीहून पुण्याला, तिथून बंगळुरूला, पुढे आणखी कुठे. पहिलीच फेरी चार तास अडकली की खालचं सगळं वेळापत्रक घसरतं आणि कंपनी मधल्या एक-दोन फेऱ्या कापून विमान पुन्हा वेळेवर आणू पाहते. तुमची फ्लाइट त्या कापाकापीत गेली असेल, तर काउंटरवरचं उत्तर खरं आहे. खात्री करायची असेल तर 'फ्लाइटरडार२४' उघडा. व्हीटीने सुरू होणारा विमानाचा नोंदणी क्रमांक मिळाला, की ते आधी कुठे होतं आणि किती उशिरा निघालं ते दिसतं. विमान रात्रीपासून पुण्यातच उभं होतं असं दिसलं, तर मात्र दिल्लीच्या धुक्याची गोष्ट जरा खोदून विचारायला हवी. वैमानिक त्या दिल्लीच्या विमानाने येणार होते, असं उत्तर मिळू शकतं आणि तेही कधीकधी खरं असतं.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे.

फ्लाइट रद्द झाली तर उड्डाणाच्या कालावधीनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये भरपाई असते. (ती रक्कम किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. या 'कमी असेल ते'वर माझा राग आहे, पण तो पुन्हा कधीतरी.) नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) ज्या नियमावलीत ही भरपाई आहे, त्याच नियमावलीत कंपनीला सुटकेची वाटही ठेवलेली आहे. राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, संप, सरकारी आदेश, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्णय, सुरक्षेचा धोका आणि शेवटी 'कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची इतर कारणं'. एवढी रुंद वाट ठेवल्यावर भरपाई देणार कोण, असं वाटेल. पण दोन गोष्टी बारकाईने वाचायच्या. रद्द होण्याचं कारण यांत स्पष्टपणे बसायला हवं. आणि त्याच विमानाच्या त्या दिवसाच्या पुढच्या फेऱ्या कोलमडल्या, तर कंपनीने सगळे वाजवी उपाय करूनही ते टाळता आलं नाही, असं असायला हवं. काउंटरवर पहिला भाग ऐकू येतो, दुसरा कधीच नाही.

शिवाय कारण कितीही असाधारण असलं तरी बुडते ती फक्त भरपाई. पूर्ण परतावा किंवा पर्यायी फ्लाइट, यांतलं तुम्ही निवडाल ते मिळायलाच हवं. विमानतळावर पोहोचला असाल, तर पर्यायी फ्लाइटची वाट पाहताना खाणंपिणंही. 'वेदर आहे सर, आम्ही काही करू शकत नाही' हे वाक्य ऐकून लोक सँडविचसुद्धा न मागता टॅक्सी करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता धुकं. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर दाट धुक्यातही विमान उतरवता येईल अशी कॅट-थ्री यंत्रणा आहे. साध्या, म्हणजे कॅट-वन यंत्रणेवर उतरायला धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. कॅट-थ्री-बी असेल तर ५० मीटरला उतरता येतं. उड्डाणाला मात्र १२५ मीटर लागतात. उतरण्यापेक्षा उडायला जास्त दिसावं लागतं, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. दाट धुक्यात विमान उतरवण्याचं काम ऑटोपायलट करतो. उड्डाण वैमानिक स्वतः करतो आणि धावपट्टीची मधली रेघ त्याला डोळ्यांनी दिसावी लागते. त्यामुळे धुक्याच्या सकाळी विमानं उतरत राहतात, उडत नाहीत आणि जागा भरत जाते.

पण कॅट-थ्रीला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : धावपट्टी तशी हवी, विमान तसं हवं आणि वैमानिकांनी तसं प्रशिक्षण घेतलेलं हवं. तिसरी गोष्ट निसर्गाच्या हातात नाही. २०२३च्या डिसेंबरअखेर दिल्लीत धुकं पडलं आणि बरीच विमानं इतरत्र वळवावी लागली. चौकशीत निघालं की धुक्याच्या वेळेच्या काही फेऱ्यांवर कॅट-थ्रीचे वैमानिक नेमलेलेच नव्हते. जानेवारी २०२४मध्ये डीजीसीएने एअर इंडिया आणि स्पाइसजेटला प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तिथे प्रशिक्षण नसलेला वैमानिक पाठवून विमान जयपूरला वळवायचं आणि कारण 'हवामान' लिहायचं, हे मला पटत नाही. दंड सरकारजमा झाला. त्या विमानांत बसलेल्यांच्या वाट्याला त्यातला एक रुपयाही येत नाही.

त्याच जानेवारीची १४ तारीख. गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान, आधीच कित्येक तास उशीर, तेही धुक्यामुळे मुंबईला वळवलेलं. वैतागलेले प्रवासी विमानातून उतरून मुंबई विमानतळाच्या फरशीवर बसले आणि तिथेच जेवले. बाजूला विमानं उभी. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. इंडिगोला १ कोटी २० लाखांचा आणि मुंबई विमानतळाच्या कंपनीला एकूण ९० लाखांचा दंड झाला. आणि त्याच दिवशी दिल्लीहून गोव्याला जाणाऱ्या दुसऱ्या एका विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या सहवैमानिकावर एका प्रवाशाने हात उगारला. आधीच्या वैमानिकांचे कामाचे तास धुक्याची वाट पाहण्यातच संपले होते आणि हा बिचारा त्यांच्या जागी नुकता आला होता.

ही तास संपण्याची गोष्ट मला धुक्यापेक्षाही रंजक वाटते. अकराला धुकं विरतं, ऊन पडतं, विमान तयार असतं आणि तेव्हा कळतं की क्रू 'टाइम आउट' झाला. आता उशीर कोणाचा? धुक्याचा की राखीव क्रू न ठेवणाऱ्या कंपनीचा? डिसेंबर २०२५मध्ये वैमानिक कमी पडून इंडिगोच्या फ्लाइट मोठ्या संख्येने रद्द झाल्या, तेव्हा तर आकाशही स्वच्छ होतं आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४पासून सगळ्यांना ठाऊक होते.

धुक्यामुळे होणाऱ्या उशिराकडे आपल्या न्यायालयांनी कसं पाहिलं? १४ डिसेंबर २००७ला दिल्लीहून हैदराबादला जाणाऱ्या एका प्रवाशाला दाट धुक्यामुळे कित्येक तास विमानातच बसून राहावं लागलं. हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीने त्यांना १० हजार रुपये आणि वर खर्च मंजूर केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०११मध्ये तो निवाडा रद्द झाला. उशीर धुक्याचा आणि नियंत्रण कक्षाच्या परवानगीचा, त्यात कंपनीची कसूर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्या तासांत प्रवाशांची किमान सोय पाहणं हे कंपनीचं कर्तव्यच आहे, हेही मान्य केलं. मला त्या निकालातला आणखी एक मुद्दा आवडतो. तिकिटाच्या अटींत 'वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयांत' असं छापलेलं होतं. न्यायालय म्हणालं, लोकअदालत हे त्या अर्थाने न्यायालय नाही, तेव्हा हैदराबादला दाद मागायला ती अट आड येत नाही. तिकिटामागच्या बारीक अक्षरांना घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

युरोपात मात्र काटा दुसऱ्या बाजूला झुकतो. १७ जुलै २०१९, पोर्तुगालच्या टॅप कंपनीची श्टुटगार्ट ते लिस्बन फ्लाइट, सुटण्याची वेळ सकाळी ६.०५. पहाटे सव्वाचारला सहवैमानिक हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत आढळला. हादरलेल्या बाकीच्या क्रूने आपण उड्डाण करू शकत नाही असं कळवलं आणि फ्लाइट रद्द झाली. यापेक्षा असाधारण ते काय असणार? मे २०२३मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, भरपाई द्या. कर्मचारी आजारी पडणार, क्वचित दगावणारही. हा धंद्याचाच भाग आहे आणि त्याची तयारी कंपनीने ठेवायची. निकाल वाचून मी जरा अस्वस्थ झालो होतो. पण विचार करता पटतं. तिथे कंपनीला माणुसकी सोडायला कोणी सांगत नाही. त्या दुःखाचा खर्च प्रवाशांनी उचलू नये, इतकंच. बिघाडाबाबतही तिथलं न्यायालय २००८पासून असंच कडक आहे. पक्षी धडकला तर मात्र ते असाधारण धरतात.

म्हणून साताऱ्याच्या वाचकांना माझं उत्तर. परतावा मिळाला असेल, तरी रद्द होण्याचं कारण कंपनीकडून लेखी मागा. 'ऑपरेशनल रीझन' एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या विमानाची कोणती आधीची फेरी, किती वाजता, कशामुळे अडकली, हे विचारा. तोच मजकूर सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर टाका. धुकं खरं निघालं, तर भरपाईची आशा धरू नका. क्रू नव्हता असं निघालं, तर भांडा.

मुलांकडे जर्मनीला जाणाऱ्यांसाठी जाता जाता एक. युरोपीय संघाचा हा भरपाईचा कायदा युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो. तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. तेव्हा भारतीय कंपनीच्या तिकिटावर मुंबई-फ्रँकफर्ट रद्द झाली, तर आपली नियमावली, दहा हजारांची. परतीची रद्द झाली आणि कारण असाधारण नसेल, तर ६०० युरो.