शैक्षणिक कर्ज (सावली परिसर)
शैक्षणिक कर्ज म्हणजे उच्च शिक्षणाचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके इत्यादींसाठी बँकेकडून घेतलेले व अभ्यासक्रम संपल्यावर फेडावयाचे कर्ज होय. भारतीय बँक संघाने यासाठी २००१ मध्ये आदर्श योजना आखली. साडेसात लाख रुपयांपुढील कर्जास सामान्यतः मालमत्ता गहाण ठेवावी लागते. २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांपुरती ही अट नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हा धानपिकाचा तालुका. या वनपट्ट्यात तारणाची अट विशेष जाचक ठरते. वनहक्क कायदा, २००६ नुसार मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, परंतु तो विकता वा हस्तांतरित करता येत नाही. साहजिकच, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीनही बँकेच्या लेखी तारण ठरत नाही.

गडचिरोलीस २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तरीही अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी नागपूर गाठावे लागते. राज्याने २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. खोलीभाडे व खानावळ मात्र त्यात येत नाही.

परतफेड अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू होते व १५ वर्षांपर्यंत चालू शकते. बाविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याचे हप्ते अडतिसाव्या वर्षापर्यंत लांबू शकतात. विवाह, घरबांधणी आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण नेमके याच काळात येते. पालक सहकर्जदार असल्याने हप्ते थकल्यास त्यांची पतही खालावते आणि पुढील हंगामाचे पीककर्ज अडू शकते.