बोलेरो: किती सालची, कोणत्या इंजिनाची

महिंद्राची बोलेरो २००० साली बाजारात आली. तेव्हापासून तिचा चौकोनी तोंडवळा फारसा बदललेला नाही, त्यामुळे बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन बोलेरो आतून अगदी निराळ्या असू शकतात. जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न येतो तो ‘किती सालची?’ हाच. प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. इंजिन कोणते, प्रदूषणाचा टप्पा कोणता आणि सुरक्षेचे कोणते नियम लागू होते, हे ओळखण्याची खूण म्हणून साल उपयोगी पडते. नुसत्या आकड्यावरून गाडीचा भरवसा ठरत नाही.

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, मिरचीमुळे नावारूपाला आलेल्या भिवापूर तालुक्यात हा प्रश्न हौसेचा नाही. जिल्ह्याचे ठिकाण उमरेडमार्गे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झाली आणि दवाखाना, बाजार, लग्नकार्य या सगळ्यांचा भार रस्त्यावर आला. उमरेडच्या कोळसा खाणींमुळे या पट्ट्यात जड वाहतूक आहे. आतल्या गावांकडे वळले की काळी माती आणि पावसाळ्यातला चिखल.

अशा ठिकाणी गाडीच्या भरवशाचे दोन वेगळे अर्थ होतात. गाडी किती वेळा बिघडते, हा एक. बिघडल्यावर जवळच्या मिस्त्रीच्या हातून ती किती लवकर आणि किती पैशांत चालू होते, हा दुसरा. बोलेरोच्या बाबतीत पहिली बाजू इंजिनागणिक सुधारत गेली आणि दुसरी अवघड होत गेली.

सुरुवातीच्या बोलेरोत प्यूजोच्या घराण्यातले अडीच लिटरचे डिझेल इंजिन होते. पुढे महिंद्राचे २५२३ सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिन आले. ताकद ६३ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आकाराच्या मानाने बेताचीच. पण कमी ताकद काढलेले मोठे इंजिन सहसा सोसणारे असते. डिझेल पंप यांत्रिक, कॉम्प्युटर नाही. या गाड्यांच्या तक्रारीही ठरलेल्या: डिझेल लाइनमध्ये हवा शिरणे, नोझल खराब होणे, ऑइल गळणे, वय झाल्यावर काळा धूर. तक्रारी वारंवार येत, पण पान्यांचा संच आणि जाणता हात एवढ्यावर गाडी पुन्हा रस्त्याला लागे. ग्रामीण भागात बोलेरोचे नाव झाले ते मुख्यतः या पिढीमुळे.

कॉमन रेल तंत्राचे एम२डीआयसीआर इंजिन २०११ च्या सुमारास रुळले. क्षमता तीच, २५२३ सीसी. पण डिझेल आता हजार बारच्या पुढच्या दाबाने आणि ईसीयू या कॉम्प्युटरच्या हुकमाने फवारले जाऊ लागले. इंजिन शांत झाले, धूर घटला. त्याबरोबर एक नाजूकपणाही आला. पाणी मिसळलेले किंवा कचरा असलेले डिझेल यांत्रिक पंप काही काळ तरी सहन करी. कॉमन रेलचा इंजेक्टर ते करत नाही. गावात ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरण्याची सवय या इंजिनाला महागात पडते. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे, त्यात साचलेले पाणी काढणे ही कामे आधीच्या गाडीत शिस्तीची होती, इथे ती सक्तीची झाली.

सालावरून अंदाज बांधण्याचा सगळ्यात मोठा घोळ याच काळातल्या गाड्यांत होतो. २०१० मध्ये प्रदूषणाचे बीएस-४ नियम मुंबई, पुणे, सोलापूर यांसारख्या मोजक्या शहरांना लागू झाले, उरलेल्या देशाला बीएस-३. बीएस-४ सर्वत्र आले ते १ एप्रिल २०१७ पासून. म्हणून २०१२ ची पुण्यात नोंदलेली बोलेरो आणि त्याच वर्षीची विदर्भातली बोलेरो यांची इंजिने वेगळी असू शकतात. पुण्या-मुंबईकडून आलेली गाडी ‘तशीच आहे’ म्हणून घेणाऱ्याने बॉनेट उघडून पाहावे हे बरे.

सप्टेंबर २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली, तेव्हा बदल मुळापासून झाला. मोटारीची लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असेल तर करात सवलत, हे धोरण २००६ पासून होते. त्यात डिसेंबर २०१५ पासून काही महिने दिल्ली परिसरात २००० सीसीवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी न्यायालयाने थांबवली होती आणि महिंद्राच्या मोठ्या इंजिनांना त्याची झळ बसली होती. नवी बोलेरो ३९९५ मिलिमीटरची झाली आणि कागदोपत्री कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या वर्गात आली. इंजिन १४९३ सीसीचे, तीन सिलिंडरचे एमहॉक डी-७०: ७० अश्वशक्ती, १९५ न्यूटन-मीटर टॉर्क. तीन सिलिंडर म्हटले की थरथर थोडी जास्त, त्यामुळे इंजिन माउंटिंगकडे लक्ष हवे. लहान इंजिन टिकणार नाही, ही सुरुवातीची शंका मात्र फारशी खरी ठरली नाही. टॉर्क १४०० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो, त्यामुळे भरलेली गाडी ओढताना इंजिन पिळावे लागत नाही.

एप्रिल २०२० पासून बीएस-६. इंजिन एमहॉक ७५ झाले, टॉर्क २१० न्यूटन-मीटरवर गेला. नियमांतला बदल आकड्यांत पाहिला तर त्याचे वजन कळते: डिझेल मोटारीतून निघणाऱ्या काजळीची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आणि नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर आली. डिझेलमधले गंधकही ५० पीपीएमवरून १० वर आले. एवढी काजळी अडवायला डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर बसवला जातो. तो साचलेली काजळी अधूनमधून स्वतःच जाळतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. आठवड्याला नागपूर गाठणाऱ्या गाडीला ही सोय रस्त्यातच मिळते. घर ते शेत, शेत ते बाजार एवढ्यातच फिरणाऱ्या गाडीत मात्र फिल्टर तुंबण्याचा, डॅशबोर्डवर दिवा लागण्याचा आणि शेवटी स्कॅनर जोडून घ्यायला शहर गाठण्याचा प्रसंग येऊ शकतो. दोष गाडीचा म्हणायचा की वापराचा, हा वाद गॅरेजात रंगतो. खरे तर दोन्ही एकमेकांना जुळत नाहीत.

इंजिने बदलली तरी खालचे काम बरेचसे कायम राहिले: लॅडर फ्रेम, मागच्या चाकांना ताकद, मागे पाटे. खड्ड्यातून जाताना पाठीला हादरे बसतात, पण पाटा तुटला तर तो बदलणारा माणूस कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो. बोलेरो निओ इथे वेगळी आहे. जुलै २०२१ मध्ये आलेली ही गाडी २०१५ च्या टीयूव्ही ३०० चे नवे रूप. मागे कॉइल स्प्रिंग, इंजिन १०० अश्वशक्तीचे. नावातल्या बोलेरोवरून तिच्या भरवशाचा हिशेब मांडू नये.

भरवसा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेही बजावून सांगितले पाहिजे. २०१९ च्या आधीच्या बहुतेक बोलेरोंत एअरबॅग नाही. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची २०२१ च्या अखेरीस. निओला ग्लोबल एनकॅपच्या २०२४ च्या अपघात-चाचणीत एकच तारा मिळाला.

वेगवेगळ्या सालच्या गाड्यांची तुलना करताना एक चूक हमखास होते. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेचा अहवाल सक्तीच्या तपासणीतले दोष गाडीच्या वयानुसार मांडतो, म्हणजे समवयस्क गाड्या शेजारी ठेवतो. आपल्याकडे तुलना गप्पांतून होते, आणि त्यात २००८ ची अजून धावणारी बोलेरो २०२१ च्या बिघडलेल्या बोलेरोसमोर उभी केली जाते. २००८ च्या ज्या गाड्या भंगारात गेल्या, त्या या गप्पांत येतच नाहीत.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० वरून ५००० रुपयांवर गेले. २०१० च्या आधीची गाडी स्वस्त दिसते तेव्हा हा खर्च आणि महाराष्ट्रातला हरित कर जमेस धरावा.

भिवापूरसारख्या तालुक्यात, मिश्र वापरासाठी, जुलै २०१९ ते मार्च २०२० या काळात तयार झालेली बोलेरो पॉवर प्लस सर्वांत सोयीची ठरते: १.५ लिटरचे रुळलेले इंजिन, डीपीएफ नाही, आणि एबीएस व एक एअरबॅग आहे. लांबचा रस्ता नेहमी होत असेल तर त्यानंतरची दोन एअरबॅगची गाडी अधिक चांगली. घेण्याआधी आरसी बुकावर नोंदणीच्या तारखेबरोबर निर्मितीचा महिना आणि बीएसचा टप्पा वाचावा, गाडी पूर्वी काळी-पिवळी म्हणून चालली होती का ते पाहावे, आणि थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करायला लावावे.