भांगेच्या खुरट्या रोपाचा निवाडा

एकाच वाफ्यात, एकाच दिवशी टोकलेल्या भांगेच्या बियांपैकी काहींची रोपे वीतभर वाढून पाच पर्णिकांची पाने धरू लागतात आणि शेजारचीच काही, गुळगुळीत बीजदलांवर व दातेरी कडांच्या पहिल्या पानजोडीवर अडून, दिवसामागून दिवस जशीच्या तशी उभी राहतात, तेव्हा लावणाऱ्याच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘बियाणेच बोगस’ हा. आणि तो सोयीचाही असतो, कारण बी विकणारा दूर असतो व पाणी मात्र आपल्याच हाताने घातलेले असते.

उत्तराखंडात औद्योगिक भांगेच्या लागवडीस 2018 च्या सुमारास परवाने मिळू लागले. ज्या गढवाल-कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी घरोघर वाटली जाते, तेथे हा प्रश्न आता व्यापाराचाही झाला आहे, म्हणून त्याची नीट चौकशी व्हावयास हवी.

माझ्या मते आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम जमिनीला उभे करावे. या पिकास निचऱ्याची भुसभुशीत जमीन लागते. वाफसा येण्याची वाट न पाहता जो पाणी भरत राहतो, त्याच्या वाफ्यातील मातीच्या पोकळ्यांतून हवा निघून जाते, कोवळ्या मुळांचे श्वसन मंदावते, आणि पाने पिवळसर, जड, खाली वळलेली दिसू लागली की तोच मनुष्य रोप तहानलेले समजून पुन्हा झारी उचलतो. अशा ओलीत पिथियमसारख्या बुरशीसदृश रोगजंतूचे फावते. जमिनीलगत खोड बारीक होऊन रोप कोलमडते, अथवा जगले तर खुरटते. थंड माती आणि कोवळ्या मुळांना चटका देणारे अतिरिक्त खत हेही याच टोळीतले.

बियाण्यावरील फिर्याद मात्र सर्वस्वी खोटी नव्हे. भांगेत बहुधा नर झाड वेगळे, मादी वेगळे, आणि पराग वाऱ्याने दूरवर जातो. त्यामुळे एकाच गोणीतील बियांतही पुष्कळ आनुवंशिक विविधता असते, आणि जो मोजक्याच झाडांपासून पिढ्यान्‌पिढ्या बी धरतो, त्याच्या पिकात निकटच्या संकरामुळे दुर्बलता येते. बियांत सुमारे तीस टक्के तेल असल्याने उबदार, दमट जागी ठेवलेले बी लवकर निकामी होते, पण तो दोष वंशाचा नव्हे, कोठाराचा.

1912 साली पॅरिसमध्ये ज्युलियँ तुर्नवा या संशोधकास असे आढळले की, हिवाळ्यात काचगृहात पेरलेली भांग थोडी पाने फुटताच, अगदी बुटकी असतानाच, फुलावर येते. जातिवंत बियांची ही अवस्था का, याचा शोध घेता घेता कारण रात्रीच्या लांबीत असल्याच्या निष्कर्षाप्रत तो आला, आणि पुढे पहिल्या महायुद्धात कामी आला. या तत्त्वाची सविस्तर मांडणी अमेरिकेत गार्नर व अ‍ॅलर्ड यांनी 1920 साली केली. तेव्हा उशिरा पेरलेली भांग ठेंगणी राहिली तर कसूर पंचांगाचा समजावा. याउलट 1924 साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की याने वर्णिलेली रानभांग रात्रीची पर्वा न करता वयानुसार फुलते आणि बुटकी राहते. तेथे मात्र वंशच बोलतो. आनुवंशिकता व परिस्थिती हे परस्परांचे प्रतिवादी नसून, ऋतूचा हुकूम रोपाने मानावा की नाही हेही वंशच ठरवितो, ही गोष्ट या प्रकरणातील खरी गुंतागुंत आहे.

दोहोंचा वाटा वेगळा काढण्याची रीत साधी आहे. डेन्मार्कच्या योहान्सनने 1903 साली घेवड्याच्या एकाच शुद्ध वंशातील लहान व मोठे दाणे निवडून पेरले, तेव्हा दोहोंच्या संततीच्या दाण्यांचे सरासरी वजन जवळजवळ सारखेच भरले. लहानपण वारशाने उतरले नाही. त्याच धर्तीवर संशयित बी आणि खात्रीचे बी एकाच मातीत शेजारीशेजारी लावावे, व संशयित बी दुसऱ्या मातीतही. सबंध वाफा एकसारखा खुरटला तर शंका बहुधा पाणी, माती वा हवेवर घ्यावी. चांगल्या रोपांमध्ये विखुरलेली काहीच बुटकी असतील तर बियाण्यावर. भांग परवान्यावाचून लावणे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गुन्हा असल्याने ही परीक्षा आपल्याकडच्या शेतकऱ्याने मिरचीच्या किंवा वांग्याच्या रोपांवर घ्यावी. रोपवाटिकेशी भांडण्यापूर्वी घेतली तर उत्तम.