बॉयलरच्या वाफेतली ऊब

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घरांच्या भिंतीतल्या नळकांड्यांतून पांढरे ढग निघताना दिसतात. तो धूर नव्हे, वाफ गार होऊन झालेले पाण्याचे कण. गॅस जळला की वाफ तयार होतेच. घर गरम ठेवणारे जुने गॅस बॉयलर ती गरमागरम बाहेर सोडून देत. इडलीपात्र उघडताना बसणारा चटका आठवा: हातावर वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता सुटते. नवा कंडेन्सिंग बॉयलर हीच उष्णता पकडतो. खोल्या तापवून रेडिएटरमधून परतणारं कोमट पाणी गॅस जळून निघालेल्या वायूंची ऊब शोषून घेतं. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर, मोजके अपवाद सोडता, असेच लागतात. मात्र परतणारं पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसपेक्षा गार हवं, नाहीतर वाफ तशीच निसटते. म्हणून नवा बॉयलर बसवल्यावर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान कमी ठेवायलाच हवं. अनेक घरांत नेमकं तेच राहून जातं.